सीमेच्या कुंपणावर भित्तिचित्र काढायचंय? नवख्यांसाठी तिहुआनातून सुरुवात

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातली सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटर लांब आहे. तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर लोखंडी कुंपण उभं आहे आणि त्याच्या मेक्सिकोकडच्या अंगावर लोक कित्येक वर्षं चित्रं काढत आलेत. मेक्सिकोतल्या तिहुआना शहराच्या पश्चिम टोकाला, प्लायास दे तिहुआना इथे, हे कुंपण सरळ पॅसिफिक समुद्रात उतरतं. शेजारी किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसं, खेळणारी पोरं, फोटो काढणारे पर्यटक. तिथली चित्रं पाहून बऱ्याच जणांना वाटतं, आपणही यात हात घालावा. जरूर घाला. फक्त रंगाचा डबा उघडणं हे या कामातलं जवळजवळ शेवटचं काम आहे, एवढं डोक्यात ठेवून निघा.

हा लेख पहिल्यांदाच अशा कामात उतरणाऱ्यांसाठी आहे. मग तुम्ही आधीच चालू असलेल्या चित्रात स्वयंसेवक म्हणून जाणार असा, की पाच-दहा मीटरचा छोटा तुकडा स्वतः उभा करणार असा.

कुंपण कुणाचं, जमीन कुणाची

कुंपण पूर्णपणे अमेरिकेच्या मालकीचं आहे. ते सीमारेषेवर नाही, तिच्या किंचित उत्तरेला, अमेरिकेच्या जमिनीवर रोवलेलं आहे. म्हणजे तुम्ही दक्षिणेच्या बाजूला उभे राहून रंगवत असलात तरी ज्या लोखंडावर ब्रश फिरतोय ते अमेरिकी सरकारचं. तुमच्या पायाखालच्या वाळूवर मात्र रोजचा कारभार मेक्सिकोच्या पोलिसांचा. बर्लिनची भिंतही अशीच होती. पश्चिमेकडून ती रंगवणारे लोक मुळात पूर्व जर्मनीच्या जमिनीवर उभे असत, कारण भिंत रेषेच्या आत बांधलेली होती. १९८४ पासून थिएरी न्वार हा फ्रेंच चित्रकार तिथे रंगवत होता तो हा धोका पत्करूनच.

याचा व्यवहारातला अर्थ असा की दक्षिण बाजूची चित्रं चालवून घेतली जातात. त्यांच्यावर कुणाचा हक्क लागत नाही. तुमच्या चित्राला संरक्षण देईल असा कागद कुठल्याच कचेरीत मिळायचा नाही, आणि तसा कागद मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

उत्तर बाजूचा विचार सोडून द्या. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत सीमेलगतची ६० फुटांची पट्टी १९०७ पासून अमेरिकी सरकारनं स्वतःसाठी राखून ठेवली आहे. तिथून गस्तीच्या गाड्या फिरतात.

दक्षिणेकडे काम असेल तर आधी प्लायासच्या ‘देलेगासिओन’मध्ये, म्हणजे महापालिकेच्या विभागीय कचेरीत जाऊन या. भरतीरेषेलगतचा २० मीटरचा पट्टा मेक्सिकोत केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे वाळूवर परांची किंवा मंडप उभारायचा असेल तर तसं तिथे स्पष्ट सांगा. परवानगी तोंडी मिळाली तर भेटलेल्या माणसाचं पद आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पोलीस हटकतात तेव्हा ही वही उपयोगी पडते. आना तेरेसा फर्नांडेस या चित्रकर्तीनं २०११ मध्ये इथल्याच कुंपणाच्या उभ्या गजांना आकाशाच्या निळ्या रंगाचे हात मारले, लांबून कुंपणाला भोक पडल्यासारखं दिसावं म्हणून. तिलाही पोलिसांनी अडवलं होतं, आणि शांतपणे समजावून सांगितल्यावर काम पुढे गेलं. वाद घालणारा आणि स्पॅनिश न येणारा माणूस पोलिसांशी बोलायला पुढे करू नका.

आणखी दोन गोष्टी. कुंपणाजवळ २५८ क्रमांकाचा पांढरा सीमास्तंभ आहे. त्याची देखभाल दोन्ही देशांचा संयुक्त सीमा आयोग करतो. त्याच्यावर रंगाचा शिंतोडाही उडता कामा नये. दुसरं, मेक्सिकोच्या संविधानातलं ३३ वं कलम परदेशी माणसाला तिथल्या राजकारणात पडायला मनाई करतं. चित्रात मेक्सिकोच्या एखाद्या पक्षाचं किंवा पुढाऱ्याचं नाव टाकायची हौस परदेशी स्वयंसेवकानं करू नये.

आधी दुसऱ्याच्या चित्रात काम करा

तिहुआनाचा चित्रकार एन्रिके चिऊ यानं २०१६ च्या अखेरीस ‘बंधुत्वाचं भित्तिचित्र’ सुरू केलं. ठिकठिकाणचे हजारो स्वयंसेवक त्याला हात लावून गेलेत. असं एखादं चालू काम शोधा आणि चार दिवस निमूटपणे डबे धुवा, गंज खरवडा, लोकांना पाणी द्या. तेवढ्यात तुम्हाला कळेल की वारा कुठल्या वेळी सुटतो, कोणता फेरीवाला कुठे बसतो, कोणत्या गजापाशी कुटुंबं भेटायला येत आलीत. हे कुठल्याही नकाशात नाही.

त्या भेटींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण जागा निवडताना याचा थेट संबंध येतो. इथेच पलीकडे फ्रेंडशिप पार्क आहे. १९७१ मध्ये तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी पॅट निक्सन यांच्या हस्ते तिथल्या उद्यानाचं उद्घाटन झालं तेव्हा मध्ये काटेरी तारेपलीकडे फारसं काही नव्हतं. पुढे कुंपण आलं, मग दुहेरी झालं, मग गजांवर इतकी बारीक जाळी आली की दोन्हीकडच्या माणसांना फक्त करंगळीचं टोक टोकाला लावता येई. लोक त्यालाच भेट म्हणत. २०२० मध्ये अमेरिकेकडची बाजू भेटींसाठी बंद झाली; सध्या भेटी होतात का ते तिथे विचारून घ्या. भेटी होत असताना अशा जागी तुम्ही शिडी लावून बसलात तर कुणाची तरी वर्षभरानं होणारी भेट तुम्ही अडवलीत. भेटीची जागा सोडून काम करा आणि शनिवार-रविवार सहसा टाळा.

चित्र कुणाचं, हे ठरवणारी बैठक

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. रंगकामाला एक आठवडा लागणार असेल तर या टप्प्याला दोन महिने लागले तरी हरकत नाही.

बैठकीला जाताना तयार स्केच नेऊ नका. स्केच दाखवलं की लोक सभ्यपणे ‘छान आहे’ म्हणतात आणि चर्चा तिथेच संपते. त्याऐवजी कोरा कागद ठेवा आणि पहिला प्रश्न उलटा विचारा: इथे काय दिसायला नको? उत्तरं भराभर येतात. कुंपणाशेजारी राहणाऱ्या माणसाला कबुतरं, फुलपाखरं आणि तुटलेल्या साखळ्या यांचा वीट आलेला असतो, कारण बाहेरून येणारा प्रत्येक जण हेच काढून जातो. कुणी म्हणेल, रडणारे चेहरे नकोत, आम्ही इथे जगतो, नुसते रडत नाही. कुणी म्हणेल, माझ्या घरासमोर थडग्याचे क्रूस नकोत, रोज सकाळी तेच बघायचं का? ही यादी भिंतीवर चिकटवा. तुमचं चित्र यातूनच आकार घेईल.

बैठकीला कुणाला बोलवायचं? समोरचे रहिवासी, खाद्यपदार्थांच्या गाड्या लावणारे, जवळच्या निवाऱ्यातली माणसं, अमेरिकेतून परत पाठवले गेलेले लोक. अमेरिकी सैन्यात नोकरी करूनही देशाबाहेर काढले गेलेले माजी सैनिकसुद्धा तिहुआनात राहतात. त्यांच्यासाठी इथल्या कुंपणावर २०१३ मध्ये उलटा अमेरिकी झेंडा रंगवला गेला होता. झेंडा उलटा धरणं ही सैनिकी भाषेत संकटाची खूण आहे. ज्याला ती खूण ठाऊक नाही त्याला तो अपमान वाटतो. म्हणून अशा चिन्हाचा अर्थ सांगायला ती माणसं स्वतः हजर असणं बरं.

चेहरे काढणार असाल तर लेखी संमती घ्या, त्या माणसाच्या भाषेत आणि मोठ्यानं वाचून दाखवून. चेहरा रंगवण्याची संमती वेगळी, त्याची गोष्ट किंवा आवाज लोकांसमोर ठेवण्याची वेगळी. लिसबेथ दे ला क्रूस सांताना हिनं २०१९ मध्ये प्लायासला जे चित्र उभारलं त्यात चेहऱ्यांजवळ क्यूआर कोड होते. मोबाइल धरला की ज्याचा चेहरा तोच माणूस आपली हकिकत सांगे. लहानपणी अमेरिकेत नेलेली, तिथेच वाढलेली आणि तरी तिथे राहण्याचा हक्क नसलेली ही माणसं. हा नमुना मला आवडतो, कारण चित्रकार त्यांच्या वतीनं बोलत नाही.

पण प्रत्येकाला असं उघड व्हायला परवडत नाही. ज्याचा आश्रयाचा अर्ज चालू आहे त्यानं आधी आपल्या वकिलाला विचारावं, मग चेहरा द्यावा. ज्याची बायकापोरं पलीकडे कागदपत्रांशिवाय राहतात त्याचं आडनाव आणि गाव चित्रात किंवा फोटोखाली येऊ देऊ नका, आणि फोटो टाकताना मोबाइलचं लोकेशन बंद ठेवा. संमती कधीही मागे घेता येईल असं कागदावर लिहा. तसं झालं तर तो चेहरा किती दिवसांत आणि कोण पुसणार, तेही लिहा.

गज मोजा, मग चित्र बेता

नव्वदच्या दशकातलं जुनं कुंपण व्हिएतनाम युद्धातल्या उरलेल्या पत्र्यांचं होतं. सैन्य विमानं उतरवायला जमिनीवर जे पन्हाळीदार पत्रे अंथरायचं तेच इथे उभे केले. त्यांच्यावर भिंतीसारखं सलग चित्र काढता यायचं. आता बहुतेक ठिकाणी चौकोनी लोखंडी गज आहेत. सर्वसाधारण माप ६ इंची गज आणि मध्ये ४ इंचांची फट, उंची १८ ते ३० फूट. सगळीकडे हेच माप असेल असं धरू नका. तुमच्या तुकड्यातले दहा तरी गज टेपनं मोजा.

हे माप चित्रावर काय परिणाम करतं ते पाहा. समोरून बघणाऱ्याला चित्राचा फक्त ६० टक्के भाग दिसतो. बाकी फटीतून पलीकडची माती, गस्तीची गाडी, आकाश. म्हणून बारीक अक्षरं आणि बारीक नाकडोळे समोरच्या अंगावर टिकत नाहीत. एक डोळा नेमका फटीत जातो. चेहरा असा बेता की डोळ्यांच्या बाहुल्या गजावर येतील. त्यासाठी कधी डोकं चार बोटं डावीकडे सरकवावं लागतं.

आता बाजूला सरका. पाहणारा सरळ समोर न राहता सुमारे ३४ अंशांनी तिरका उभा राहिला की फट पूर्ण बुजते, कारण शेजारच्या गजाचं बाजूचं अंग तिच्यात येतं. चालत येणाऱ्याला कुंपण भरीव भिंतीसारखं दिसतं आणि पुढे गेल्यावर उघडतं. अनुभवी लोक याचा फायदा घेतात: समोरच्या अंगावर एक चित्र, डाव्या अंगावर दुसरं, उजव्या अंगावर तिसरं. पहिल्याच कामात तीन चित्रांच्या भानगडीत पडू नका. मात्र बाजूच्या अंगाला निदान एक सपाट रंग द्या, नाहीतर तिरक्या नजरेला चित्रात गंजाचे पट्टे दिसतात. बाजू रंगवताना फक्त अलीकडची अर्धी रुंदी रंगवा. हात फटीतून पलीकडे जाता कामा नये.

चाचणीला पुठ्ठ्याच्या पट्ट्या चौकोनी दुमडून, त्याच प्रमाणात फटी ठेवून टेबलावर उभ्या करा, त्यावर चित्र काढा आणि भोवती फिरून बघा. दहा गजांचं असं खेळणं बनवायला एक संध्याकाळ पुरते आणि पुढचे चार दिवस वाचतात.

गंज, मीठ आणि अस्तर

समुद्राजवळ लोखंडावर मीठ बसतं. त्याच्यावर कितीही महागडा रंग लावा, वर्षभरात पोपडे धरणार. आधी सुटे पापुद्रे खरवडून काढा, मग तारेचा ब्रश मारा, मग गोड्या पाण्यानं धुवा आणि चिंध्यांनी कोरडं करा. धुतलेलं लोखंड त्याच दिवशी अस्तरात गेलं पाहिजे. रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी त्याच्यावर नारिंगी गंजाची झाक आलेली असते आणि पुन्हा घासायची वेळ येते.

जुना रंग कोणता आहे ते माहीत नसेल तर कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ओल्या पॉलिश पेपरनं घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, आणि या कामाला मुलांना ठेवू नका.

अस्तर म्हणजे गंजरोधक प्रायमर. पृष्ठभाग जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर तेलाचा अल्किड रंग थेट लावायचा नाही. जस्त आणि तेल यांची रासायनिक क्रिया होऊन रंगाखाली साबणासारखा थर तयार होतो आणि अख्खा रंग पत्र्यासारखा सुटून येतो. तिथे जस्तावर चालणारा प्रायमरच हवा. दुकानदाराला मुलाम्याचा फोटो दाखवा.

प्लायासला मे-जूनमध्ये सकाळी समुद्रावरून धुकं येतं. लोखंड हाताला थंड आणि किंचित ओलसर लागत असेल तर थांबा. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सियसनं जास्त असावं, हा रंगाऱ्यांचा जुना नियम आहे. दुपारी उलट त्रास: दक्षिणेकडचं अंग दिवसभर उन्हात असल्यामुळे गज तापतात, रंग ब्रशवरच सुकतो आणि फराटे उमटतात. धुकं उठल्यापासून ऊन चढेपर्यंतचे तीन-चार तास आणि मग उतरत्या दुपारचे दोन, एवढीच कामाची वेळ समजा.

किती रंग लागेल

दहा मीटर कुंपणात सुमारे ४० गज येतात. २.४ मीटर उंचीपर्यंत, म्हणजे छोट्या पायरीवरून हात पोचेल तिथपर्यंत रंगवलं तर समोरच्या अंगाचं क्षेत्रफळ होतं १४.४ चौरस मीटर. खडबडीत लोखंडावर लिटरमागे सात-आठ चौरस मीटर धरा. दोन हात मारायला चार लिटर पुरतात. तिन्ही अंगं पूर्ण धरली तर बारा लिटरपर्यंत जाल. प्रायमर वेगळा. नवखे लोक फटी विसरून सलग भिंतीचा हिशेब करतात आणि चाळीस टक्के रंग उरतो.

बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक घ्या. लोह ऑक्साइडचे गेरू-पिवळे-तपकिरी, थॅलो निळा आणि हिरवा, टायटॅनियम पांढरा हे उन्हात टिकतात. चमकणारे फ्लुरोसंट रंग सगळ्यांत आधी मरतात, कुणी कितीही आग्रह धरो. स्प्रे इथे टाळाच. समुद्रवारा फटींतून तो फवारा पलीकडे नेतो, किंवा शेजाऱ्याच्या डोळ्यांत. सामान तिहुआनातच विकत घ्या, म्हणजे डबे घेऊन सीमा ओलांडताना जकातीची कटकट नको.

ज्यांना कुंपणापर्यंत येता येत नाही त्यांच्यासाठी

उत्तरेकडे राहणारे अनेक जण दक्षिणेला येऊ शकत नाहीत, कारण एकदा आले की परत जाता येणार नाही. म्हातारी माणसं वाळूत उभी राहू शकत नाहीत. यांना चित्रात घ्यायचा उत्तम मार्ग म्हणजे कापड. न विणलेल्या पॉलिएस्टरच्या पातळ कापडाचे गजाच्या रुंदीचे पट्टे कापा, प्रत्येकाच्या मागे क्रमांक लिहा, आणि एखाद्या सभागृहात टेबलावर ॲक्रिलिकनं रंगवून घ्या. वाळले की गुंडाळून नेता येतात आणि प्रायमर लावलेल्या गजावर ॲक्रिलिक जेलनं चिकटवता येतात. लिसबेथचं २०१९ चं ते चित्रही आधी पॉलिएस्टरच्या कापडावर रंगवून मग कुंपणावर चिकटवलं होतं.

चिकटवताना जेल गजालाही लावा आणि कापडाच्या पाठीलाही. मधून कडेकडे रबरी पट्टीनं हवा काढत जा. कडा हा कच्चा दुवा आहे. वारा तिथूनच शिरतो, म्हणून शेवटी कडांवरून जेलचा आणखी एक हात फिरवा.

कामाच्या दिवशी

अमेरिकेतून येणारे बहुतेक जण सान इसिद्रोला पायी सीमा ओलांडून टॅक्सीनं प्लायासला जातात. तुमच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. परतीचं मात्र आधी तपासा: व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे का, मुदत किती उरली आहे. अमेरिकेतलं तुमचं प्रकरण कुठल्याही टप्प्यावर अडकलेलं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नका. परतीच्या रांगेत कधीकधी काही तास जातात, त्यामुळे रात्रीचं विमान ठरवून येऊ नका.

दहा मीटरला एका वेळी आठ-दहा माणसं भरपूर झाली. एकानं फक्त रंग कालवून द्यायचे, एकानं येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं, एकानं मुलांवर आणि शिडीवर लक्ष ठेवायचं. फटीतून पलीकडे काहीही द्यायचं-घ्यायचं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. गस्तीचा माणूस बोलला तर सभ्यपणे उत्तर द्या, फोटोसाठी त्याला डिवचू नका. वाटेवरच्या कुणी पाच मिनिटं ब्रश मागितला तर त्याच्यासाठी खालची एक सपाट रंगाची पट्टी राखून ठेवा. लोकांना तेवढ्यातही आपला गज पुढच्या वेळी ओळखता येतो.

धुतलेल्या ब्रशांचं पाणी वाळूत किंवा समुद्रात ओतू नका. बादलीत साठवून न्या.

चित्र जाणार, हे धरून चाला

सीमेवरच्या नोगालेस शहरात २००४ मध्ये जुन्या पत्र्यांवर धातूच्या रंगीत मनुष्याकृती बसवल्या होत्या. २०११ मध्ये ते पत्र्यांचं कुंपण काढून तिथे गज आले आणि आकृत्यांची ती जागा गेली. फ्रेंडशिप पार्कजवळचं कुंपण २०२३ मध्ये बदलून ३० फुटी करायला घेतलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं दक्षिण सीमेवरची सगळी भिंत काळी रंगवायचं जाहीर केलं, लोखंड तापून चढायला अवघड व्हावं आणि गंज कमी लागावा म्हणून.

तेव्हा नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रत्येक गजाचा समोरून एक आणि दोन्ही तिरक्या बाजूंनी एकेक फोटो, गजाच्या क्रमांकासह. रंगांच्या छटांचे नंबर. संमतीचे कागद चित्रांच्या फोटोंपासून वेगळ्या जागी, कुलपात. आवाज मुद्रित केले असतील तर मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि क्यूआर कोड ज्या पत्त्यावर जातो त्याचं वार्षिक शुल्क कोण भरणार ते आत्ताच ठरवा. गज शाबूत असूनही कोड मेलेले असणं ही फार सामान्य गोष्ट आहे. वर्षातून एकदा, पावसाळी हिवाळा संपल्यावर, दोघातिघांनी जाऊन पोपडे, सुटलेल्या कडा आणि कुणी वरून लिहिलेलं तपासायचं. वरून लिहिलेलं सगळंच पुसायची घाई करू नका. कधी ते शिवीगाळ असते, कधी कुणीतरी आपल्या माणसाचं नाव लिहून गेलेलं असतं. दुसऱ्या प्रकारचं असेल तर त्याचाही फोटो काढून वहीत नोंदवा आणि डागडुजी त्याच्या कडेनं करा.